आठ दिवसांची सरळ रेघ

संयोगिता : आधी पेढे घ्या, बिराप्पा. मी संयोगिता, पुण्याच्या ऑफिसात तुमच्या भूकंपमापकाचे आलेख वाचते. हे प्रशस्तिपत्रकही तुमचंच.

बिराप्पा : आवं मॅडम, तुमी चुकून दुसऱ्याच डोंगरावर आलासा. आमी यंत्राचं राखणदार संपावर हाय.

संयोगिता : कुठल्या संपावर?

केरबा : ह्याच. आज आठवा दिस. फलक लावलाय की, तुमची जीप टेकलीया त्याला.

संयोगिता : मला ती पार्किंगची पाटी वाटली.

बिराप्पा : मागण्यांचा कागद ठेकेदाराकडं दिलता. पोचला न्हाई?

संयोगिता : कागद नाही पोचला. आलेख पोचले. आठ दिवस यंत्रानं अशी सरळ रेघ काढलीय की साहेबांनी फ्रेम करून लावलीय. अकरा वर्षांत म्हसवडचा डोंगर इतका शांत नव्हता.

केरबा : असणारच. सहाच्या सहा जण घोंगडी हातरून बसलोय.

बिराप्पा : केरबा, गप रं. मॅडम, मग संपलंच आमचं. ठेकेदार म्हणतोय, उद्या नवी माणसं आणतो. तुमी म्हणताय, आमच्याबिगर काम झ्याक चाललंय. पोरगी विट्याला शिकती माझी. घरी काय सांगू?

संयोगिता : थांबा, थांबा. एरवी रोज सहा, अकरा आणि पाचला जो हादरा यायचा, तो कसला?

केरबा : पाण्याचा ट्रॅक्टर. वर नळ न्हाई.

संयोगिता : माझ्या प्रबंधात ती भूगर्भातली नियमित हालचाल आहे. चाळीस पानं.

बिराप्पा : चढाला दोन नंबर गिअर टाकाय लागतोय.

संयोगिता : आणि दर महिन्याच्या आठ तारखेपासून जी बारीक थरथर सुरू होते?

केरबा : पगार. रेंज फकस्त यंत्राच्या खोलीपाशी मिळती. मेसेज येस्तवर आमी फोन वर धरून तिथंच येरझाऱ्या घालतोय.

संयोगिता : कधी कधी तेवीस तारखेपर्यंत चालते ती.

बिराप्पा : मेसेजच तवा येतोय.

संयोगिता : रविवारचे मोठे दणके?

बिराप्पा : सुट्टी न्हाई. घरची याद आली की केरबा धोंडं ढकलतोय.

केरबा : लय मोठं न्हाई ढकलत.

संयोगिता : तुमच्या त्या कागदात काय लिहिलं होतं?

बिराप्पा : तीनच ओळी. नळ द्या, सात तारखेला पगार द्या, रविवारची सुट्टी द्या.

संयोगिता : बूट कुठं काढू?

(संयोगिता बूट हातात घेऊन, चवड्यांवर चालत यंत्राच्या खोलीपाशी जाते आणि फोन करून तशीच परत येते.)

बिराप्पा : काय म्हणलं सायब?

संयोगिता : माणसांना त्रास होतो म्हटलं, तर म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू. यंत्राला त्रास होतो म्हटलं, तर तिन्ही मंजूर. पगार आता थेट ऑफिसातून.

केरबा : आन ती नवी माणसं?

संयोगिता : साहेब ओरडलेच. नव्यांची चाल कशी असेल कोण जाणे! हीच हवीत, म्हणाले, यांना बसता येतं.

बिराप्पा : लेखी हाय का काय?

संयोगिता : हा बघा मेल. खाली सही. सहा जणांची नावंसुद्धा.

बिराप्पा : बिराप्पा... व्हय, हाय माझं. केरबा, वाईच हात दे रं. यंत्रापाशी जाऊन बायकूला फोन लावतो.

केरबा : अण्णा, संप मिटला. आता हाललासा तरी चालंल.

संयोगिता : माझ्या प्रबंधाचं काय करायचं पण?

केरबा : ट्रॅक्टरवाल्या दादासोंचे आभार माना, मॅडम. चाळीस पानं त्यांचीच हायती.

बिराप्पा : गप बसा दोघंबी, फोन लागलाय. हॅलो, धोंडुबाई? मीच. हळू बोलतोय, यंत्रापाशी हाय. न्हाई गं, काढलं न्हाई कामावरनं. व्हय, लेखी. आगं, रडतीस कशाला? काय आणू? बरं. हां, ह्याच रविवारी.