मातीच्या भिंतीवर सिमेंट

बसा. मागे उभे आहात त्यांनी पुढे या. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. पुण्यात पहिल्या रांगेत कुणी आपणहून बसत नाही, हे मला कॉलेजात शिकवत होतो तेव्हापासून माहीत आहे.

संध्याकाळच्या गर्दीतून आपण इथे नारायण पेठेत आलात. मी पाहतो आहे कोण कोण आलं आहे ते. मला बोलणं अवघड जाणार आहे. शोकसभेत जे बोलायचं असतं ते मला बोलायचं नाही, म्हणून अवघड.

सुमती माझी बायको. आपल्यातल्या बहुतेकांची सुमतीताई. ती आर्किटेक्ट होती आणि मातीची, चुन्याची घरं बांधायची. मी मराठी शिकवायचो. तिच्या कामातलं मला जे कळतं ते तिच्याबरोबर जेवायला बसून कळलेलं आहे. तेवढं आजच्याला पुरेल.

माझ्या आधी जे बोलले ते चांगलं बोलले. सगळे म्हणाले, ती काळाच्या पुढे होती. तसं नव्हतं. ती वेळेवर होती. उशीर इतरांनी केला, आणि आता उशिराने आलेले लोक तिलाच पुढे गेली म्हणतात.

आणखी एक ऐकलं. ती क्षमाशील होती. कुणी सांगितलं? आमच्या घरी तिच्याबरोबर रोज कोण जेवत होतं? तिने कुणाला क्षमा केली नाही. ती फक्त थांबली होती. कशासाठी थांबली होती, ते सांगायला मी उभा आहे.

आपल्या हातात निमंत्रणपत्रिका आहे. तिच्यात माझ्यानंतर अरविंदरावांचं नाव आहे. ते समोर बसले आहेत. मोठे बांधकाम व्यावसायिक. ते आज एक घोषणा करणार आहेत. आयटीतल्या लोकांसाठी त्यांनी नवं संकुल बांधलं आहे. त्याच्या क्लबहाउसला ते सुमतीचं नाव देणार आहेत. मी ते क्लबहाउस पाहून आलो. भिंती काँक्रीटच्या. वर मातीच्या रंगाचा रंग, त्यात शोभेला थोडी गवताची काडी चिकटवलेली. आत एसी, कारण भिंती तापतात. मला दाखवणारी मुलगी म्हणाली, "सर, हे नॅचरल फिनिश आहे." मी विचारलं, "माती कुठे आहे?" तिने कुंड्या दाखवल्या.

तर, अरविंदराव. ते नाव तुम्हाला मिळणार नाही. नाव माझं नाही, तिचं आहे. पण नाही म्हणायला मी उरलो आहे. म्हणून नाही म्हणतो.

का, ते आता ऐका.

अरविंदराव कसबा पेठेतले. सुरुवातीला छोटी डागडुजीची कामं घ्यायचे. चुना त्यांना सुमतीने शिकवला. आमच्या मोरीशेजारी चुन्याचं पिंप असायचं. चुना पाण्याखाली बुडवून ठेवायचा, वारा लागू द्यायचा नाही, महिनोनमहिने मुरू द्यायचा. वरच्या मजल्यावरचे काका मला विचारायचे, "काय हो सर, इतकी पानं खाता?" अरविंदराव त्या पिंपाजवळ बसून हाताने चुना चोळून बघायचे. लोण्यासारखा लागला की म्हणायचे, "ताई, झाला." ती म्हणायची, "नाही झाला अरविंद. तुला घाई आहे, त्याला नाही." हे ते विसरले नसतील. माणूस हुशार आहे.

पुढे नव्वदच्या दशकात सगळं पालटलं. कंपन्या आल्या, पगार आले, इमारती आल्या. अरविंदराव वाढले. वाढावं. त्याबद्दल तक्रार नाही. विश्रांतवाडीला एक संस्था होती, अरविंदराव तिचे अध्यक्ष झाले. विदर्भातून कारखान्यात कामाला आलेल्या लोकांच्या मुलांसाठी तिथे बालवाडी बांधायची होती. ती त्यांनी सुमतीकडे दिली. मातीची बांधा, म्हणाले, स्वस्त पडेल. तिने स्वस्तासाठी बांधली नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली पोरं झोपत नाहीत, रडतात, म्हणून बांधली.

पाया दगडाचा. भिंती तिथल्याच मातीच्या. माती चाळून, थोडा चुना घालून, दाबून विटा पाडलेल्या, भट्टीत न घातलेल्या. वर चुन्याचा गिलावा. छपराला पुढे रुंद वळचण. मी एप्रिलमध्ये भर दुपारी गेलो होतो. पोरं जमिनीवर ओळीने झोपलेली. कुंदाताई, तिथल्या बाई, दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मला पाहून ओठांवर बोट ठेवलं. पंखा बंद होता.

मग सुमतीची आई आजारी पडली आणि सुमती तिच्याकडे सांगलीला गेली. त्याच दिवसांत एका सॉफ्टवेअर कंपनीचे पाहुणे बालवाडी पाहायला यायचे होते. ते देणगी देणार होते. अरविंदरावांनी भिंती पाहिल्या. त्यांना लाज वाटली. हे मी मनाचं सांगत नाही. कुंदाताई तेव्हा तिथे होत्या, आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनीच मला सांगितलं, "सर, मी विचारलं ना, काहून लिपता जी चांगल्या भित्तीले? तं साहेब म्हणे, पाहुणे येऊन राहिले, कच्चं घर दिसते."

कच्चं घर दिसतं.

आपल्याकडे हा शब्द फार लोकांनी मनात धरून ठेवला आहे. गाव सोडलं, माती सोडली, आता पक्कं पाहिजे. ज्यांना माहीत नाही त्यांचं मी समजू शकतो. यांना माहीत होतं. यांनी चुना चोळून पाहिलेला होता. तरी त्यांनी चुन्याचा गिलावा खरवडून काढला आणि मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. आतून आणि बाहेरून. वर ऑइलपेंट.

सुमती परत आली. भिंतीवरून हात फिरवला. अरविंदराव म्हणाले, "ताई, तुमच्या भिंतीला शर्ट घातला." ती म्हणाली, "अरविंद, तू तिचा श्वास बंद केलास."

तिने घरी मला समजावलं. मला समजायला पोळ्या लागतात. म्हणाली, "गरम पोळ्या कापडात गुंडाळल्या तर काय होतं?" म्हटलं, "मऊ राहतात." "आणि स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं तर?" म्हटलं, "खालची पोळी ओली होते." म्हणाली, "तेच. मातीत थोडी ओल जाणारच. चुना ती बाहेर सोडतो. सिमेंट आत कोंडतं. भिंत खालून भिजत राहील आणि बाहेरून कोरडी दिसेल."

तिने प्लास्टर काढायला सांगितलं. अरविंदराव म्हणाले, "पाहुणे येऊन जाऊ देत." पाहुणे येऊन गेले. मग म्हणाले, "पावसाळा होऊ दे." पावसाळे झाले. सुमती विचारत राहिली. मग एका पावसाळ्यात, सुटीच्या दिवशी, मागची भिंत बसली. आत कुणी नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा प्लास्टरचे मोठे तुकडे पडले होते, पाटासारखे, अख्खे. त्यांच्याखाली चिखल होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की मातीच्या बांधकामाचा प्रयोग मातीत गेला. ते लिहिताना उपसंपादकाला बरं वाटलं असणार. खाली संस्थेच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं. ताईंचा हेतू चांगला होता, पण प्रयोग फसला. सिमेंटबद्दल शब्द नव्हता.

ती त्यांच्या ऑफिसात गेली. मी बरोबर होतो. अरविंदरावांनी दार लावून घेतलं. चहा मागवला. म्हणाले, "ताई, मी आत्ता बोललो तर देणगी जाईल. बालवाडी बंद पडेल. पोरं कुठे जातील? योग्य वेळ येऊ द्या. मीच सांगेन, माझ्या तोंडाने."

पोरांचं नाव काढल्यावर ती काय बोलणार होती? तुम्हाला ते माहीत होतं, अरविंदराव. म्हणून तुम्ही ते काढलंत. ती म्हणाली, "ठीक आहे. पण तूच सांगायचंस. मी सांगितलं तर ती सबब होईल."

चहा तिने घेतला नाही. मी घेतला होता, चांगला होता.

पुढचं आपल्याला माहीत आहे, पण कारण माहीत नव्हतं. तिची कामं गेली. अमेरिकेहून परतलेलं एक जोडपं होतं, त्यांना मातीचंच घर हवं होतं, मुलांना मातीचा वास यावा म्हणून. त्यांचा फोन आला, "मॅम, आम्ही थोडं रीथिंक करतोय." सगळ्यांनीच थोडं रीथिंक केलं. सुमतीने पुढची वर्षं लोकांच्या फ्लॅटमधली स्वयंपाकघरं मापली. ओटा किती उंच, ट्रॉली किती खोल. काम वाईट नाही. तिचं नव्हतं.

एवढं मात्र तिने केलं. बालवाडीच्या उरलेल्या तीन भिंतींवरचं सिमेंट तिने काढलं. कुंदाताई, सुमती, आणि छिन्नी धरायला मी. मग मोरीशेजारचा चुना नेऊन लावला. त्या तीन भिंती आजही उभ्या आहेत. चौथी नंतर संस्थेने काँक्रीटच्या ठोकळ्यांची बांधली, पक्की. कुणाला शंका असेल त्याने मे महिन्यात जावं. दुपारी चारही भिंतींना हात लावावा. पोरं कोणत्या भिंतीला पाठ लावून बसतात तेही बघावं.

सुमती दवाखान्यात होती तेव्हा अरविंदराव आले. मोसंबी घेऊन आले. क्लबहाउसचं सांगितलं. "ताई, तुमचं नाव देतोय." तिने ऐकून घेतलं. आवाज फार नव्हता. तिने एवढंच विचारलं, "सांगितलंस?" हे म्हणाले, "ताई, आधी बऱ्या व्हा."

ती बरी झाली नाही.

लोक मला म्हणतात, सर, आता जाऊ द्या, माणूस गेला. माणूस गेला म्हणूनच जाऊ देणार नाही. ती असताना तिचा शब्द होता, मी पाळला. शब्द तिने दिला होता, मी नाही. तिचं घर, तिचे कागद, तिच्या साड्या, सगळ्याचं काय करायचं ते मुलगी बघते आहे. माझ्याकडे तिचा हा एकच प्रश्न आला आहे. तो मी विचारणार. इथे विचारला आहे. उद्या त्यांच्या संकुलाच्या फाटकावर विचारीन. परवा त्यांच्या ऑफिसात, जिथे चहा चांगला असतो. मला आता दुसरं काम नाही आणि निवृत्तीवेतन वेळेवर येतं.

तुम्हाला वाटेल, म्हातारा सूड घेतो आहे. हो. बरोबर वाटतं आहे.

शेवटी शोकसभेत दोन मिनिटं उभं राहतात. तसं आज करू नका. बसून राहा. मी शांतताच मागणार आहे, पण घड्याळाची नाही. सुमतीला नमस्कारही मग करू.

अरविंदराव, बालवाडी बंद पडण्याची भीती आता नाही. ती व्यवस्थित चालली आहे. देणगीदारांची तुम्हाला गरज नाही, तुम्हीच देणगीदार आहात. ताई आजारी नाहीत. पाहुणे सगळे आले आहेत. योग्य वेळ म्हणजे याहून वेगळं काय असतं, ते मला तरी सुचत नाही.

वाक्य लहान आहे. 'त्या भिंतींवर सिमेंट मी लावायला सांगितलं.' मी पुष्कळ वर्षं व्याकरण शिकवलं, त्यात एकही अवघड शब्द नाही. त्यानंतर तुम्हाला हवं तितकं सुमतीबद्दल चांगलं बोला. आम्ही ऐकू.

निघायचं असेल तर दार मागच्या बाजूला आहे. मधल्या वाटेने जावं लागेल, या सगळ्यांच्या समोरून. तेही उत्तर धरलं जाईल.

मी माइक बंद करत नाही. इथेच ठेवतो आणि खाली जाऊन कुंदाताईंशेजारी बसतो. सभागृहाच्या शिपायाला सांगून ठेवलं आहे, आज आम्हाला घाई नाही.

मंडळी, कुणी बोलू नका. कुणी उठू नका.

या, अरविंदराव.