तिसऱ्या हाकेची वाट

हसू नका, पण दुपारी डोळा लागता लागता मला बायकोची हाक ऐकू येते. अगदी कानाशी, "अहो!" उठून स्वयंपाकघरात जावं, तर ती म्हणते, "मी कुठं हाक मारली?"

आमची आई सांगायची, झोपेत हाक आली तर तिसऱ्या हाकेलाच ओ द्यावी; भूत दोनदाच बोलावतं. म्हटलं, आता तेच करू.

परवा "अहो" आलं. पडून राहिलो. पुन्हा आलं. तिसऱ्याची वाट बघत मस्त डुलकी लागली.

थोड्या वेळानं पाणी प्यायला उठलो, तर बायको स्टुलावर उभी. बेगम बाजारातून आणलेल्या चिंचेचा डबा माळ्यावरून अर्धा बाहेर आलेला आणि हिनं तो दोन्ही हातांनी पेललेला.

"खुळे-हौले झालात का? दोनदा बोलावलं!"

"मी तिसऱ्या हाकेची वाट बघत होतो."

"तिसरीला दम कुणाकडं होता?"

डबा उतरवून मी विचारलं, "मग तुझी खरी हाक ओळखायची कशी?"

"झोपेतली कशी असते?"

"हळू, गोड. लग्न नवं होतं तेव्हा मारायचीस तशी."

"मग सोपं आहे," ती म्हणाली. "तशी आली तर मी नाही. खुशाल झोपत जा."