माझ्या वजनाची फळी

...आणि वर म्हणतो काय, "वहिनी, तुमच्या वजनाची फळी दुकानात नाही मिळत, ती तलावाकाठी असते, तिला धक्का म्हणतात!" धक्का! जिथे बोटी बांधतात तो! आणि हे म्हणाला कुठे, तर भर तलावात, नव्या कोऱ्या बोटीत बसून, सगळ्यांसमोर. आणि मी तेव्हा कुठे? पाण्यात! आमचा तो मुलवाला नावाचा तलाव, अर्धा माझ्या नाकातोंडात, केस डोळ्यांवर, आणि त्याची ती लाटेवर उभं राहायची महागडी फळी माझ्या पायाखाली बुडून, तिकडे लांब बूच उडाल्यासारखी वर आलेली! हा माझा दीर, ग्रॅहम. आणि सगळ्यात मोठ्यांदा हसलं कोण? माझा नवरा! क्लाइव्ह! ज्याच्या पँटींना मी जन्मभर चेनी लावत आले, तो!

तुम्हाला सांगते, तिथल्या तिथे ठरवलं. फळी मिळत नाही? करीन! घरी करीन! पण उभी राहणार म्हणजे राहणार!

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं काय त्यात... अहो, काय म्हणून काय विचारता? बोट हळू चालवायची, एका अंगाला पाण्याने भरलेल्या पिशव्या टाकून ती मुद्दाम कलती करायची, की मागे एक लाट उठते. बोट चालतेय तोवर ती लाट मोडत नाही. दोरी धरून फळीवर उठायचं, लाटेत शिरायचं, आणि मग दोरी... सोडून द्यायची! सोडून! पुढे लाटच नेते तुम्हाला. समुद्र आमच्यापासून कुठच्या कुठे, पण लाट अशी दारात. आणि मी इतकी वर्षं काय केलं? बोटीत मागे तोंड करून बसले! कायदाच आहे तसा, चालवणारा पुढे बघणार, मग मागे कोण पडलं ते बघायला दुसरं माणूस हवं. ते दुसरं माणूस कायम मीच! पुतण्या पडला, बोट थांबवायला कर हात वर. जाऊ पडली, कर हात वर. एक खांदा वर राहिलाय माझा, शपथेवर सांगते!

बरं, मी काही अगदीच अडाणी नाही हो. शिवते मी. बोटींची छपरं, गाद्या, पडदे. माप घेणं आणि कापणं हे माझ्या हातात आहे. तर मी खाकी कागद घेतला, मधोमध दुमडला, अर्ध्याच फळीचा आकार काढला, कापला, उलगडला... दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या! ब्लाऊजची पाठ बेततात तसं! लांबी माझ्या हनुवटीपर्यंत, रुंदी... रुंदी मी माझ्या मनाने ठेवली. क्लाइव्ह जेवायला आला, टेबलावर तो कागद.

"हे काय?"

"फळी."

"नोलीन, हा व्हेलमासा आहे."

बघा! घरचा माणूस!

थर्माकोल दिला पिनाने. पिना म्हणजे आमची शेजारीण, इटालियन, पीचच्या बागा आहेत त्यांच्या. तिने फळं साठवायची जुनी थंड खोली पाडली होती, तिच्या भिंतींतले जाडजूड पत्रे, म्हणजे थर्माकोलचे, तसेच गोठ्यात पडलेले. मला म्हणाली, "घेऊन जा गं बाई, पण तू बुडालीस तर माझं नाव सांगू नकोस." मी ते एकावर एक चिकटवले, मधे प्लायवूडची पट्टी घातली, कणा म्हणून, आणि इस्त्रीच्या टेबलावर आडवे ठेवून घासायला बसले. आणि तो थर्माकोल घासला की काय होतं माहितीय? दाणे! पांढरे दाणे! हवेत, केसांत, चहात, कुत्र्याच्या कानांत! क्लाइव्ह सूपमधून एकेक दाणा चमच्याने काढायचा आणि माझ्याकडे बघत बशीच्या कडेला ओळीने मांडायचा. नुसता मांडायचा! मी म्हटलं, मांड. उभी राहणार म्हणजे राहणार!

पण खरं सांगू? आकार असा सुंदर आला होता... नाक जरासं वर उचललेलं, कडा पुढे गोल, शेपटीकडे धारदार. मी हात फिरवत बसायची. वाटायचं, हे मी केलं!

मग त्यावर काचेचं कापड, फायबरग्लासचं, घालायचं आणि राळेने भिजवून टणक करायचं. राळ म्हणजे ते चिकट रसायन हो, बोटी दुरुस्त करायचं. शेडमध्ये क्लाइव्हच्या मासेमारीच्या होडीचं उरलेलं डबडं होतंच. म्हटलं, नवीन कशाला आणा? ओतलं. पसरलं. आणि... तुम्ही आइस्क्रीम उन्हात ठेवलंय कधी? फस्स्स... करत माझी फळी खाली बसायला लागली! माझ्या डोळ्यांसमोर! नाक गेलं, कडा गेली, पोटात खड्डा, खड्ड्यात दुसरा खड्डा, आणि इस्त्रीच्या टेबलावर उरलं काय, तर चघळून टाकलेल्या च्युइंगमचा लगदा आणि त्यात उभी प्लायवूडची पट्टी!

रडले हो मी. खोटं कशाला बोलू. शेडच्या पायरीवर बसून रडले.

क्लाइव्ह आला. बघितलं. माझ्याशेजारी बसला. आणि म्हणाला, "झालं? आता सोड ना नाद."

हेच म्हणायला नको होतं त्याने! "खांदा दुखतोय का" म्हण, "चहा करू का" म्हण, पण "नाद सोड"? मी तशीच उठले, गाडी काढली, आणि बोटीच्या सामानाच्या दुकानात गेले. काउंटरवर एक पोरगी, ओठात बाळी. मी झालेला प्रकार सांगितला. तर म्हणते, "अय्या आजी, थर्माकोलला ती राळ लावतात का? ती खातेच त्याला! वेगळी मिळते, इपॉक्सी." आजी! मला! नातवंडाचा पत्ता नाही अजून आणि आजी! पण डबा घेतला मी. गरज माझी होती ना!

पुन्हा पिनाकडे. पुन्हा दाणे. पुन्हा सूप. या खेपेला मी शहाणी झालेली... म्हणजे तसं मला वाटलं! म्हटलं, राळेत ते टणक करणारं औषध थोडं थोडं काय कालवायचं, एकदाच बादलीभर कालवू. ती बादली तापायला लागली! आधी कोमट, मग कढत, मग धूर! मी बादली उचलून अंगणात पळतेय, मागून कुत्रा भुंकतोय, कुंपणापलीकडून पिना ओरडतेय, "नोलीन, काय जाळतेस?" आणि हिरवळीच्या मधोमध टेकवेपर्यंत त्या राळेचा दगड झालेला, बादलीसकट! पण फळी वाचली. फळीला काही झालं नाही! मग वाटी वाटी कालवली, पिठलं हाटतात तशी, आणि कापड अंथरायला कुणी तरी दुसऱ्या टोकाला धरायला हवं म्हणून हाक मारली तर क्लाइव्ह आला. धरलं. ताणलं. एक सुरकुती नाही पडू दिली पठ्ठ्याने. त्या काचेच्या कुसळांनी नंतर आम्ही दोघं आठवडाभर माकडांसारखे खाजवत होतो, पण एकमेकांची पाठ खाजवत होतो, हेही सांगते!

फळीखाली, शेपटीशी, माशासारखे प्लायवूडचे पर बसवले. स्वयंपाकघराच्या दारांचा उरलेला पिवळा रंग दिला. आणि रविवारी नेली तलावावर.

ग्रॅहमने पाहिली. "वहिनी, हे दार कुणाच्या घराचं काढलंत?"

पाण्यात उतरले, टाचा फळीवर, हातात दोरी. बोट निघाली. पडले! पुन्हा. पडले! पुन्हा. या बाजूला पडले, त्या बाजूला पडले, एकदा तर सरळ पुढेच, तोंडावर, दोरी न सोडता, बोटीने मला नांगरासारखं ओढत नेलं! ग्रॅहमने बोट थांबवली. "पुरे आता, वहिनी. सॉसेज थंड होताहेत. काही झालं तर उगाच..." आणि खरं सांगते, हात गळाले होते माझे. ओठ निळे. मनात आलं, खरंच पुरे...

तेवढ्यात बोटीतून आवाज आला. आयुष्यात धाकट्या भावावर न ओरडलेला माणूस ओरडला! "ग्रॅहम, चाक धर! ती सांगेपर्यंत बोट थांबवायची नाही! मी त्या बाईसाठी वर्षभर थर्माकोल खाल्लाय!"

क्लाइव्ह हो! माझा क्लाइव्ह!

बोट निघाली. फळी पायांना येऊन भिडली, मी गुडघे वाकवले, उठायची घाई केली नाही... आणि पाणी खाली गेलं. मी वर! उभी! ती रुंद, पिवळी, व्हेलमाशासारखी फळी मला उचलून उभी! लाट आली शेजारी, हिरवीगार, आतून गुबगुबीत. दोरी सैल पडली हातात. सोडू की नको... सोडली. बोटीत टाकली फेकून! मला कुणी ओढत नव्हतं हो! धरणाच्या पाण्यात बुडून वाळलेली, अजून उभी असलेली झाडं बाजूने सरकत चाललेली, आणि मी हसतेय की रडतेय माझं मला कळेना. पडले तेव्हा कुठे कळलं, दोन्ही.

बोटीत चढले. ग्रॅहम फळीकडे बघतोय, उलटी करून, सुलटी करून. "हे पर कुठले, वहिनी?" असं अगदी हळू. मी म्हटलं, "घरचे!"

इथे गोष्ट संपायला हवी होती ना? माझीही तीच अपेक्षा होती. पण क्लाइव्ह म्हणाला, "मी बघू का जरा?" मी म्हटलं, बघ बाबा, पडशील, हसू आपण. हा माणूस! ज्याचा सगळा व्यायाम म्हणजे हिरवळीवर त्या बोल्स नावाच्या खेळाचे गोळे घरंगळवणं! टोपीसकट उतरला पाण्यात. बोट निघाली. आणि हा... उठला. पहिल्याच खेपेला! बस थांब्यावर उभा राहावा तसा उभा राहिला! दोरी सोडली, हात मागे बांधले, लाटेवर इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि परत आला तेव्हा, तुम्हाला सांगते, टोपी कोरडी!

म्हणाला, "फळी फार सुरेख झालीय गं, नोलीन."

आता चिडू तर कशावर चिडू? फळी करणारी मीच! दर रविवारी तो ती घेऊन जातो, आणि मी शेडमध्ये दुसरी करायला घेतलीय. परवा दारात उभा राहून मला म्हणतो, "शेपूट जरा बारीक घास. मला वळताना जड जाते."