ओहायो फिरलं तर

हॅलो?… ईशू? मीच गं, विभाताई. रविवारी सकाळी जर्मनीहून दुसरं कोण फोन करणार तुला?… झोपली होतीस? नऊ वाजले ना तिकडे. इथे तीन वाजून गेले, जेवणंसुद्धा झाली… हो, हो… माझं पोट? ते माझ्या आधी दारातून आत जातं. तुझं?… लाथा मारतंय? मारू दे.

बरं, काय म्हणतंय तुमचं ओहायो? दोन आठवड्यांवर निवडणूक आली… फिरतंय? कुणी सांगितलं?… अगं ऐक ना, गल्लीत लोकांनी अंगणात लावलेल्या प्रचाराच्या पाट्या मोजून राज्य कळतं होय?… अकरा घरं, सात डेमोक्रॅट. आणि गेल्या महिन्यात?… चार. म्हणून अख्खं ओहायो फिरलं? आपल्या एरंडवण्यात सगळे ज्याचा प्रचार करायचे, त्याचंच डिपॉझिट जायचं.

नाही हं, पैज म्हणजे पैज. ओहायो डेमोक्रॅटकडे गेलं तर जानेवारीत आई माझ्याकडे येणार बाळंतपणाला, रिपब्लिकनकडेच राहिलं तर तुझ्याकडे. आईच म्हणाली ना, दोघींच्या तारखा एकाच आठवड्यात, मी काही अर्धी-अर्धी होणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा… तिला पैजेचं बोलली नाहीस ना?… शहाणी.

कारखाने बंद पडले? पडले असतील. म्हणून लोक लगेच पक्ष बदलतात थोडेच… कोण, तुझी ती चर्चवाली शेजारीण? तिने पाटी बदलली? कशावरून?… तू बटाटेवडे नेऊन दिलेस म्हणून? अगं, तुला स्वतःला मत नाही आणि सहाव्या महिन्यात दारोदार प्रचार करत फिरतेस?

इथे?… इथल्या जर्मन लोकांना मत असतं तर निकाल कधीच लागला असता. विनयच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सगळेच डेमोक्रॅट. पण ओहायो त्यांना विचारतंय कुठे? मी सांगते, नाही फिरत तुमचं ओहायो. लिहून ठेव.

एक मिनिट हं, हा विनय मध्येच बोलतोय… काय रे? मी कुणाच्या बाजूने भांडतेय म्हणजे?… तू जा, रुद्रला झोपव आधी.

हां, बोल… हसतेस काय?… ऐकलंस वाटतं. बरं मग, हो. फिरू नये असंच वाटतंय मला. पण तू? तू कशाला वडे तळत बसलीस? ओहायो फिरलं तर आई तुझ्या हातची जाईल, कळतंय ना?… काय?… गेल्या खेपेला मी एकटी होते, म्हणून?

…अगं, रुद्रच्या वेळी बाबांचं ऑपरेशन होतं. आई कशी येणार होती? चार वर्षं झाली त्याला… मी रडत होते हे कुणी सांगितलं?… विनयने. याच्या तोंडात तीळ भिजत नाही… बरं, रडले. दोन दिवस. मग ती हेबामे यायला लागली रोज घरी. सुईण गं, इथे विम्यातूनच येते. बाळाला अंघोळ घालायची, मला शेजारी बसून खायला लावायची. अळिवाचे लाडू तेवढे तिला माहीत नव्हते…

नाही, आई नकोय असं कधी म्हटलं मी? हवीय. खूप हवीय. पण तुझं पहिलं आहे, ईशू. तिकडे दोन दिवसांत घरी धाडतात, आणि तुझ्या श्रीनाथला डायपर कुठून उघडतात तेही कळणार नाही…

नाही. ऐक. मोठी मी आहे. निकालाची वाट कशाला बघायची? मी हरले, जाहीर. तू उद्याच आईला तिकिटाचं सांग… काय?… हॅलो? ईशू? आवाज तुटतोय गं… नाही, काहीच ऐकू येत नाहीये… माझं फोनकार्ड संपलं बहुतेक… ठेवते हं, काळजी घे.

…काही नाही रे विनय. कार्डात चांगली पस्तीस मिनिटं आहेत. आता तिचा फोन येईल, उचलू नकोस.