लिहिणाऱ्याचं पाकीट धरत नाहीत

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय सरोजताई, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, आमच्या खाडीकाठ अभ्यासिकेच्या समितीचे सन्माननीय सभासद, समोर बसलेल्या माता-भगिनी आणि बंधूंनो, मागे उभं राहून समोसे कधी येणार याची चौकशी करणारी तरुण मंडळी, आणि जिच्या सत्कारासाठी आपण या कोलशेतच्या समाजमंदिरात जमलो आहोत ती आमची दक्षता, सर्वांना माझा नमस्कार.

मी काळुराम नाखवा, या अभ्यासिकेचा खजिनदार. खजिनदार म्हटलं की लोकांना तिजोरी दिसते. आमच्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. त्याला कुलूप नाही, कारण कुलूप लावावं असं आत कधी काही नव्हतंच.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. अध्यक्षांची आगाऊ क्षमा मागून सांगतो, मी पाच मिनिटांत थांबणार नाही. मला एक खूण ठरवून दिलेली आहे. ती दिसली की थांबायचं, तोवर बोलत राहायचं. कसली खूण, ते ओघात सांगेनच. माझी बायको म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा यांना बोलत राहा असं कुणीतरी सांगितलं.

तर, दक्षता धुमाळ. दोन वर्षांपूर्वी टिटवाळ्याहून आली, पाठीवर सॅक आणि हातात प्रेशर कुकर. संध्याकाळी अभ्यासिकेत पोरांना शिकवायला स्वयंसेवक हवा होता. मानधनाचा आकडा समितीनं ठरवला. खोटं कशाला बोलू, तो मीच सुचवला होता. तिला सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की बिचारीला दोनदा विचारावं लागलं. आकडा आज इथे सांगत नाही, पाहुण्यांसमोर शोभणार नाही.

त्याच आठवड्यात तिचे वडील आले. तानाजीराव धुमाळ, मूळचे साताऱ्याकडचे, डोंबिवलीच्या कारखान्यात फिटर. माणूस सरळ, पण बोलणं करवतीसारखं. माझ्या ओट्यावर बसून लेकीला म्हणाले, "मानधन म्हणजे पगार नव्हं, पोरी. त्याच्यावर किराणावाला उधारसुद्धा देत नाही. तुला बी.एड. करायचंय ना? दोन वर्षं दिली तुला. घरून रुपया मागायचा नाही. फीचा पहिला हप्ता तुझ्या साठवणीतून भर, पुढचं मी बघतो. नाही जमलं तर गुपचूप मामाच्या वर्कशॉपात बिलं करायला बसायचं, वागळे इस्टेटला." आता मुलगी कोणाची? ती म्हणाली, "मागणार तर नाहीच बाबा. तुम्ही दिलेत तरी घेणार नाही." झालं! दोघंही आपापल्या शब्दात अडकले आणि मधे मी चहाचा ट्रे घेऊन उभा.

मग सुरू झाला संसार. मी आयुष्यभर हिशेब लिहिले, पण हिच्यासारखी काटकसर पाहिली नाही, आणि ती कधी रडकी नव्हती. मानधन आलं की आधी वरच्या खोलीचं भाडं माझ्या थोरल्या वहिनीच्या, म्हणजे केशरबाईंच्या हातात. मग साठवणीचे पैसे थेट पोस्टात. मी म्हटलं, अगं, फोनमधून भरता येतात ना? म्हणाली, "काका, फोनमध्ये भरलेले फोनमधूनच निघतात. पोस्टातून काढायचे तर रांगेत उभं राहावं लागतं. रांगेत उभं राहिलं की माणूस विचार करतो." मित्रमंडळी मॉलमध्ये बोलवायची, तर ही त्यांना इथे खाडीवर बोलवायची आणि खोलीवर केलेली भेळ खायला घालायची. मंडळी एवढी खूश की पुढच्या वेळी जास्त संख्येने आली, त्यामुळे भेळसुद्धा परवडेना, तो भाग वेगळा.

पण मला सांगा, अशा मुलीचं बजेट कोणी मोडलं? महागाईने? भाड्याने? नाही हो. आपण मोडलं. आपल्या प्रेमाने मोडलं! हिची अभ्यासिकेतली पोरं घराघरांतली. त्यामुळे वैशाख आला की प्रत्येक घरचं आमंत्रण. आपल्याकडची हळद म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. नवरदेवापेक्षा बेंजोवाल्याला जास्त घाम येतो. आता हळदीला जायचं म्हणजे पाकीट आलं, लग्नाला जायचं म्हणजे पुन्हा पाकीट. पहिल्या वर्षी तिने दोन घरी जायचं टाळलं, तर लगेच निरोप आला, "बाईंना आमचं घर चालत नाय काय?" मग ती सगळीकडे गेली. महिनाअखेरीस आमच्या वहिनी सांगत आल्या, पोरगी तीन दिवस खिचडीच खातेय आणि विचारलं तर म्हणते आवडते.

यातून सुटका कशी झाली? त्याचं श्रेय मोरूदादांना. बसा बसा दादा, उठू नका. मोरूदादा गावातल्या प्रत्येक कार्यात आहेर लिहायला बसायचे. मांडवाच्या दाराशी टेबल, समोर वही, कोणी किती घातले ते लिहायचं. अक्षर मोत्यासारखं, पण पाय अधीर. माझ्या पुतण्याच्या हळदीत यांचं आवडतं गाणं लागलं. "आलोच," म्हणाले आणि जे गेले ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी भेटले. टेबलापुढे रांग, पाकिटांचा ढीग, लिहिणारा गायब. दक्षता स्वतःचं पाकीट घेऊन त्याच रांगेत उभी होती. ती पुढे झाली, खुर्चीत बसली आणि लिहायला लागली.

कार्य आटोपल्यावर केशरबाईंनी तिचं पाकीट तिच्या हातात परत ठेवलं. म्हणाल्या, "ए बाय, ह्यो घे तुजा. लिवायला बसतं त्याचं पाकीट आमी धरत नाय." आपला जुनाच रिवाज आहे. लिहिणारा राबतो, तोच त्याचा आहेर. दक्षताचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक मांडवात टेबलाशी दक्षता आणि नाचात मोरूदादा. दोघांचंही कल्याण झालं.

आणि लिहिणं कसं? एकदा मी सहज तिला विचारलं, आमच्या चुलतभावाने किती घातले गं? मान वर न करता म्हणाली, "काका, तुमचेही मी कोणाला सांगत नाही." मी तिथून जो निघालो तो थेट आइस्क्रीमपाशी थांबलो.

खूण? नाही, अजून नाही. सरोजताई, मी पाहिलं तुम्ही घड्याळ पाहिलंत. आणखी थोडं सहन करा.

तर पोस्टातली शिल्लक वाढत होती. पहिला हप्ता आता जमलाच, असं वाटत असताना या पावसाळ्याच्या तोंडावर हिची दाढ दुखायला लागली. रूट कॅनल. वर टोपी. ज्यांनी केलंय त्यांनी हसू नये, त्यांना माहीत आहे. शिल्लक निम्म्यावर आली. आम्ही समितीतर्फे काही देऊ केलं, तर म्हणाली, "काका, मानधन वेळेवर द्या, तेवढं खूप झालं."

मग तानाजीराव आले. खिशात फीचे पैसे घेऊन आले होते. लेकीने चहा दिला, पोहे दिले आणि पैसे तसेच परत खिशात घालायला लावले. "शब्द म्हणजे शब्द, बाबा. मामांना सांगा, बिलं करायला येते." हे म्हणताना ती हसत होती, पण खोलीत जाऊन रडली. दक्षता, मान खाली घालू नकोस, आम्हाला सगळं माहीत आहे. आणि इकडे माझ्या ओट्यावर हा एवढा दणकट माणूस टोपी हातात घेऊन बसलेला. मला म्हणाला, "अट मीच घातली, काळुरामभाऊ. आता मीच मोडली तरी ती ऐकत नाही. पोरीला शिकवायचं होतं हो मला."

मी पुन्हा चहाचा ट्रे आणला. केशरबाई आतून कोळंबी सोलता सोलता बोलल्या, "तिनं घरचा पैसा घ्यायचा नाय, बरोबर? आन् आहेर? आहेर कोन परत करतं काय?"

पाहुणे मंडळी, आता कळलं का, बाहेर दाराशी, त्या मोठ्या स्पीकरच्या खोक्यामागे टेबल कसलं मांडलंय? दक्षताला आम्ही सांगितलं की ते अभ्यासिकेच्या देणगीचं आहे. ते तिच्या आहेराचं आहे! जिने गावाचा आहेर लिहिला तिचा आहेर गावाने करायचा नाही? पहिली शिफ्ट सुटून माणसं अजून येतायत, रांग अजून आहे, म्हणून तर मी इथे तुमचा जीव खातोय. आणि उद्या सोमवार आहे. उद्या फीचा शेवटचा दिवस.

टेबलाशी लिहायला कोण बसलंय? तानाजीराव धुमाळ. लिहिणाऱ्याचं पाकीट धरत नाहीत, हे आम्ही त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. वहीत पहिलं नाव स्वतःचं घातलं. किती घातले, असं मी विचारलं. मान वर न करता म्हणाले, "ते सांगायचं नसतं म्हणे." बघा, बाप-लेकीचं पाणी एकच.

खूण एवढीच ठरली आहे. हप्ता पुरा झाला की त्यांनी खुर्चीतून उभं राहायचं. बसले की खोक्यामागे दिसत नाहीत, उभे राहिले की दिसतील.

दक्षता, आत्ता रागावू नकोस. आहेर परत केला तर देणाऱ्याचा अपमान होतो, हे तू आमच्याच मांडवांत शिकलीस. आणि आहेर फुकटही नसतो. देणाऱ्याच्या कार्याला तो फेडायचा असतो, थोडी भर घालून. मार्गशीर्षात टिटवाळ्याला तुझ्या बाबांची एकसष्टी आहे. तिथे लिहायला मोरूदादा बसतील. मी त्यांना सांगून ठेवलंय, गाणं कुठलंही लागलं तरी हलायचं नाही. तू पाकीट घेऊन यायचंस.

थांबा. जरा मागे बघा सगळे. दक्षता, तूही बघ.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, समाजमंदिराची चावी वेळेत देणाऱ्यांचे, आणि संध्याकाळी घरचं काम टाकून रांगेत उभ्या राहिलेल्या तुम्हा सर्वांचे समितीतर्फे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाची दाढ दुखावली असेल, तर आपला माणूस समजून पोटात घाला. तानाजीराव उभे राहिले आहेत, म्हणून आता मी बसतो.