अंगठ्याएवढं भोक

— नाही हो ताई, बाबांनी त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नव्हतं. तळत होते मी. किती वेळा सांगू? लिहा तसं तुमच्या चौकशीच्या वहीत. करून दाखवा म्हणता — दाखवते की, त्यात काय. आग लागली म्हणून कुणी तळायचं सोडतं का? तो स्टूल घ्या, भिंतीला टेकू नका, काजळी लागेल कपड्यांना. तर हे पीठ — खमीर घालून सकाळीच भिजवलंय, चांगलं फुगून आलंय. गोळा घ्यायचा, हातावरच थापायचा, कढईच्या कडेने अलगद सोडायचा. तेल तापलं ते कसं कळतं? चिमूटभर पीठ टाकायचं, लगेच वर आलं की झालं. बघा, आलं. आमच्याकडे दर सुट्टीला हाच तळलेला पाव — बाबांची चाळीस वर्षं बेकरीत गेली, विकतचा पाव त्यांच्या घशाखाली उतरत नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी तुमचे कान भरलेत, म्हाताऱ्याला संस्थेत ठेवा म्हणून. विसरतात थोडं, एवढंच. मला कधीकधी आई समजतात — म्हणजे त्यांची आई हं — चालतं मला. पण या घरातून त्यांना न्यायचं नाही.

घ्या, झाला. गरम आहे, सांभाळून. काय? फोटो? बघू. हां, त्या दिवशीचीच कढई, आग विझवायला आलेल्यांनी काढलेला दिसतोय. कोळसा झालाय सगळ्या पावांचा. भोक? कसलं भोक? हां, ते — प्रत्येकाच्या मधोमध आहे खरं. ती बाबांची पद्धत. तेलात सोडायच्या आधी अंगठा आरपार घालायचा, नाहीतर मधे कच्चं राहतं. मीही घालते. आत्ता विसरले, समोर कुणी वही घेऊन बसल्यावर कोण नाही विसरणार? तोडू नका तो, दुसरा देते — तोडलात. कच्चा आहे ना. असू दे. त्या दिवशी घातला होता आठवणीने. तेल जरा जास्त तापलं, पेटलं, मी ओरडले, खालच्या बाई धावत वर आल्या, बाहेरची कडी काढून आत शिरल्या, कढईवर झाकण टाकलं आणि —

लिहू नका ते. ताई, पेन खाली ठेवा दोन मिनिटं.

वेळ आलीच तर कामावर गेले होते असं सांगणार होते. तेही खोटं. सुट्टी होती. कोपऱ्यावरच्या बाकावर नुसती बसले होते, पाऊण तास. माझी आई कुठे गेली, असं सकाळपासून सतरा वेळा विचारलं त्यांनी — उगाच म्हणत नाही, मोजलं होतं मी — अठराव्यांदा विचारलं असतं तर माझ्या तोंडून काय निघालं असतं देव जाणे. म्हणून गेले. रस्त्यावर भरकटू नयेत म्हणून कडी घातली. गॅसचं डोक्यातच आलं नाही. परत आले तर बाबा जिन्यात बसलेले, भुवया जळालेल्या, आणि मलाच म्हणतात, आई, तुला भूक लागली असेल म्हणून केले गं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बाबा? तुम्ही का उठलात? या. त्यांना काही विचारू नका हं ताई, नव्या माणसाला बघून गोंधळतात. हो बाबा, पाव. हो, कच्चा राहिला, चुकलं माझं. इकडे द्या तो गोळा — नाही, असू दे, घ्या तुम्हीच. बघताय ना ताई, अंगठा कसा बरोबर मधोमध गेला? माझं नाव आठवत नाही, हे आठवतं. थांबा, गॅस बंद करू नका. सोडू दे त्यांना एक. हात धरलाय मी. काय लिहायचं ते लिहा, बाकावरचंही लिहा. आता निघा तुम्ही. जाताना दार नुसतं ओढून घ्या — कडी लावू नका.