भिंतीवरचा गेरू

आप्पांचं तेरावं आटोपून मी नरडाण्याहून धुळ्याच्या एसटीत बसले. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा दीर बोलत होते. ते मला ओळखत नव्हते.

"वहिनी, पितांबर आप्पा गेले, कळलं का?"

"कळलं. आमच्या भिंतीवर त्यांचं अक्षर शे अजून."

"पंच्याऐंशी साली आमदारकीची निवडणूक हरले ते. प्रचाराचं अजून पुसलं नाही?"

"नाव, निशाणी त्यांनीच पुसली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी चुन्याची बादली घेऊन आले. म्हणे, अक्का, तुमची भिंत घाण केली."

"मग राहिलं काय?"

"'नळाला पाणी द्या' एवढं ठेवलं. म्हणे, हरलो मी, तहान थोडीच हरली. दर दिवाळीला आम्ही चुना मारला की गेरू घेऊन यायचे, परत लिहायचे."

"मत दिलं होतं का त्यांना?"

"नाही. नात्यातला उभा होता ना आपल्या. सांगितलं मी त्यांना एकदा. हसले. म्हणे, भिंत तरी दिलीत."

"आता तर दारात नळ आला तुमच्या."

"त्यांच्यामुळेच आला. पण भिल्लांच्या वस्तीत अजून यायचा शे ना."

"यंदा कोण लिहील मग?"

"मी."

"तुम्हाला कुठं लिहिता येतं?"

"तेवढी जागा सोडून चुना मारीन. त्यांच्याच अक्षरांवरून गेरूची काडी फिरवीन."

धुळ्याला म्हातारीची पिशवी मी खाली उतरवून दिली.

"कोणाची गं तू, माय?"

"पितांबर आप्पांची. त्यांचा गेरू घरी आहे, अक्का. पाठवून देते."